बारा तास इकडे किंवा तिकडे

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आसपास झारेन झेराफा मुलीला फोन करायचा. पहिलं वाक्य ठरलेलं होतं.

“सूर्य कसा आहे?”

जोसेट ॲडलेडमधल्या सौर हवामानाच्या कचेरीत कामाला होती. सूर्यावर कुठे काय उसळलं, ते पृथ्वीकडे येतंय का आणि कधी पोहोचेल, याचं पत्रक रोज दुपारी तिच्या खोलीतून बाहेर पडायचं. विमानवाले, वीजवाले, खाणवाले ते वाचायचे. तिचा बाप वाचत नसे. त्याला ते तिच्या तोंडून ऐकायचं असायचं, आणि तेही जून ते ऑक्टोबर, शर्यतींच्या मोसमात.

शर्यती कबुतरांच्या. वुडव्हिलच्या क्लबातले लोक गुरुवारी आपापली पाखरं पेटाऱ्यांत भरून द्यायचे, कॉलिन हॅबरफील्ड ती ट्रकमधून उत्तरेला लिंडहर्स्टपर्यंत न्यायचा आणि शनिवारी उजाडल्यावर पेटारे उघडायचा. तिथून घर पाचशे किलोमीटर. पाखरं दिशा ओळखतात ती सूर्यावरून, आणि आभाळ भरलेलं असेल तर पृथ्वीच्या चुंबकत्वावरून, असं मानतात. सूर्याकडून आलेला भारित कणांचा एखादा मोठा लोट पृथ्वीवर आदळला की होकायंत्राची सुई थरथरते. त्या दिवशी पाखरंही चुकतात का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. कबुतरवाल्यांचं आहे.

म्हणून झारेन मुलीला विचारायचा आणि मग कॉलिनला कळवायचा. असा फोन दुसऱ्या कुठल्याही क्लबाकडे नव्हता. मेलबर्नवाल्यांकडेही नव्हता, हे तो महिन्यातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायचा.

जोसेटची आई होती तेव्हा घरातलं सगळं बोलणं तिच्यामार्फत व्हायचं. ती गेली आणि बापलेकीच्या लक्षात आलं की एकमेकांशी सरळ बोलायची आपल्याला सवयच नाही. पहिलं वर्षभर फोनवर दोघं ऊन-पावसाबद्दल बोलायची आणि ठेवून द्यायची. मग एका शुक्रवारी क्लबात कुणीतरी सूर्याच्या डागांचा विषय काढला, आणि झारेनला एकाएकी मुलीला विचारण्यासारखं काहीतरी सापडलं. त्याला पाच वर्षं झाली.

ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी जोसेट म्हणाली, “एक लोट येतोय, पा. मंगळवारी संध्याकाळी सुटलाय. मंद आहे. माझ्या हिशेबाने रविवारी पहाटे पोहोचेल. बारा तास इकडे किंवा तिकडे.”

“म्हणजे शनिवार मोकळा.”

“बहुधा. त्याच्या मागे सौरवाऱ्याचा एक जोरदार झोत आहे. तो सोमवारी यायला हवा. लवकर आला तर हिशेब बदलेल.”

“पण आत्ता तरी रविवार.”

“आत्ता तरी रविवार.”

“बरं,” झारेन म्हणाला. “जेवलीस का?”

“पाच वाजलेत, पा.”

“म्हणजे दुपारचं.”

“जेवले. तुझी कुठली चाललीत?”

“अकरा पाठवलीत. एक्केचाळीसपण.”

झारेन पाखरांना नावं देत नसे. पायातल्या कड्यावरचे शेवटचे दोन आकडे, बस. एक्केचाळीस ही निळ्या चट्ट्यांची मादी होती. गेल्या वर्षी याच अंतरावर ती उलट्या वाऱ्यात पहिली आली होती. त्यानंतर क्लबाचा अध्यक्ष डर्क वान लून दोन आठवडे झारेनच्या घरावरून जाताना नेहमीसारखा हात करायला गाडीचा वेग कमी करत नव्हता.

*

शनिवारी सकाळी जोसेट नेहमीप्रमाणे बापाकडे आली. येताना बेकरीतून गरम पास्तीत्सी, सारण भरलेल्या खुसखुशीत करंज्या, आणल्या होत्या, निम्म्या चीजच्या, निम्म्या वाटाण्याच्या. अंगणात ढाबळीसमोर दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. कॉलिनने सातला पाखरं सोडली होती. दोनच्या आधी कुणी यायचं नव्हतं, पण झारेन सकाळपासूनच उत्तरेकडे तोंड करून बसायचा.

“कॉलिन म्हणाला, तिकडे डोंगरांवर ढग आहेत,” तो म्हणाला. “पातळ. सूर्य मधूनमधून दिसतोय.”

“मग जातील ती.”

“जातील. त्यांना काय, दोन होकायंत्रं आहेत. एक बंद पडलं तर दुसरं.”

साडेनऊच्या सुमारास जोसेटच्या खिशात फोन थरथरला. कचेरीतून आपोआप येणारा इशारा होता. पृथ्वीच्या पंधरा लाख किलोमीटर अलीकडे, सूर्याच्या दिशेला, एक उपग्रह पहारा देत असतो. त्याच्यापाशी सौरवाऱ्याचा वेग एका झटक्यात वाढला होता. तिने आकडे पाहिले. मग पुन्हा पाहिले. लोटातल्या चुंबकत्वाचा रोख दक्षिणेकडे होता, म्हणजे धक्का पुरता बसणार होता.

“पा.”

झारेन तिच्याकडे न बघता पास्तीत्सीचा चुरा मांडीवरून झटकत होता.

“पा, तो लोट आलाय.”

“कुठला?”

“रविवारचा. पाऊण तासात इथे.”

त्याने हात थांबवला. मग आभाळाकडे पाहिलं. स्वच्छ निळं आभाळ होतं, त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

“कॉलिनला फोन करू?” ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं की कॉलिनकडे आता फक्त रिकामे पेटारे आहेत.

“कशाला? तो काय शीळ घालून त्यांना परत बोलावणार?” झारेन म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याने उठून ढाबळीचं दार अधिक उघडं केलं आणि पाण्याचं भांडं बदललं. ते सकाळीच बदललेलं होतं.

दोन वाजले. तीन वाजले. ढाबळीच्या दारातल्या पट्टीवर पाखरू उतरलं की यंत्र टिंग करतं. ते चारला एकदा वाजलं, साडेपाचला एकदा. अकरांतली दोन. दुसरं पाखरू आलं ते पूर्वेकडून, म्हणजे भलत्याच बाजूने, आणि उतरल्यावर चोच उघडी ठेवून कितीतरी वेळ बसून राहिलं. झारेनने त्याला हातात घेतलं, पंख उलगडून पाहिले आणि आत सोडलं.

फोन वाजत होते. कुणाचं एक आलं होतं, कुणाची चार, कुणाचं काहीच नाही. डर्कने वीस पाठवली होती. त्याने झारेनला फोन केला नाही.

अंधार पडायच्या आधी झारेनने मक्याचा डबा घेतला आणि अंगणाच्या मध्यभागी उभा राहून खुळखुळवला. त्या आवाजावर पाखरं घरात शिरतात. शेजारच्या अंगणातल्या कुत्र्याने एकदा भुंकून बघितलं. झारेन बराच वेळ डबा हलवत राहिला. जोसेट दोन्ही खुर्च्या मिटून भिंतीला टेकवून ठेवत होती. त्या व्यवस्थित टेकल्या होत्या, तरी तिने त्या पुन्हा टेकवल्या.

“माझ्यामुळे झालं, पा.”

“सूर्य तुझ्या मालकीचा नाही,” झारेन म्हणाला आणि डबा खुळखुळवत राहिला.

*

सोमवारी कचेरीत तिने सगळं मागे नेऊन पाहिलं. चूक कुठे झाली ते दिसायला फार वेळ लागला नाही.

सूर्यावरून सुटलेला लोट मोकळ्या जागेतून येत नाही. वाटेत सगळीकडे सौरवारा असतो, सतत बाहेर वाहणारा. लोट वाऱ्याहून वेगवान असेल तर वारा त्याला रोखतो आणि त्याची चाल उतरत जाते. लोट मंद असेल तर वारा त्याला बरोबर ओढून नेतो. दोन्ही प्रकार हिशेबात धरलेले असतात. मंगळवारचा लोट सेकंदाला चारशे किलोमीटरने निघाला होता, भोवतीच्या साध्या वाऱ्याची चालही जवळपास तेवढीच. म्हणून हिशेबात तिने त्याला ना रोखलं, ना ढकललं. रविवार पहाट.

पण मागच्या झोताचं उगमस्थान तिने मानलं त्यापेक्षा जवळ आणि रुंद होतं. तो झोत सेकंदाला सातशेने वाहत होता. त्याने अर्ध्या वाटेवर लोटाला गाठलं आणि पाठीमागून रेटायला सुरुवात केली. लोट वेग घेत गेला, आणि रेटला जात असताना दाबलाही गेला, म्हणून आदळताना जास्त जोराने आदळला. फरक अठरा-एकोणीस तासांचा. तिच्या बारा तासांच्याही बाहेरचा, पण तिने झोताचं नाव तर घेतलं होतं. पत्रकात ते लिहिलेलं होतं. फोनवरही ती बोलली होती.

दुपारी ती कॉलिनला भेटायला गेली. तो क्लबाच्या आवारात पाण्याच्या नळीने पेटारे धूत होता. उंच, वाकलेला, उन्हाने कान कायमचे लाल झालेला माणूस.

“ये,” तो म्हणाला. “पाय भिजव. शहरातली लोकं जरा ओली झालेली बरी.”

“किती परतली, कॉलिन?”

“तीनशेतली पन्नास म्हण. काल-आज करत अजून येतायत. ससाण्यांची चंगळ झाली असणार.” त्याने नळी बंद केली. “वाईट वाटून घेऊ नकोस. पण एक सांगतो. मला ढग आवडले नव्हते. तास-दोन तास थांबावं, वाटलं तर रविवारवर ढकलावं, असं मनात होतं. मग तुझ्या बापाचं बोलणं आठवलं.”

“काय म्हणाला होता तो?”

“नेहमीचंच. ‘शनिवार स्वच्छ. रविवारी लोट आहे, शनिवारीच सोड. मुलीने सांगितलंय.’”

“आणि बारा तास इकडे-तिकडे?”

“काय बारा तास?”

“निदान ‘बहुधा’ असं तरी म्हणाला असेल ना?”

कॉलिन हसला. “झारेन? अगं, पाच वर्षांत त्या माणसाच्या तोंडून तो शब्द मी ऐकलेला नाही. तुझं नाव काढलं की त्याचा आवाज पाद्रीबाबासारखा होतो. आम्ही नक्कल करतो त्याची. ‘मुलीने सांगितलंय.’” त्याने छाती फुगवून हनुवटी वर केली. मग जोसेटचा चेहरा पाहून हनुवटी खाली आणली. “का? तू काही वेगळं सांगितलं होतंस?”

जोसेटने पेटाऱ्याच्या काठावरचं एक ओलं पीस उचललं.

“नाही,” ती म्हणाली. “हेच सांगितलं होतं.”

*

बुधवारी क्लबाची बैठक होती. मोसमाची एक शर्यत उरली होती, ती घ्यायची की नाही हे ठरवायचं होतं. बैठकीला बाहेरचं कुणी येत नसे. जोसेट आली, बापाशेजारी बसली आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणाली, “माझा अंदाज चुकला. तुमची पाखरं गेली, मला फार वाईट वाटतं.”

डर्क वान लून टेबलाच्या टोकाला होता. त्याच्या विसांतली चार परतली होती. त्याच्या बापाने हॉलंडहून आणलेल्या वाणातली दोन त्यात नव्हती.

“रविवार म्हणालीस,” तो म्हणाला. “आम्ही इथे पाखरू सेकंदावर मोजतो, पोरी. तू एक अख्खा दिवस चुकलीस.”

“हो, डर्ककाका.”

“एवढा पगार देतात तुम्हाला, एवढे उपग्रह सोडलेत. आणि शनिवार रविवारच्या आधी येतो हे सांगायला कुणी नाही?”

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. जोसेट मान खाली घालून होती. शेजारी झारेन टोपी मांडीवर ठेवून तिची कड बोटांनी फिरवत होता, एक फेरा, दुसरा फेरा. एकदा त्याने तोंड उघडलं. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो नुसता खोकला आणि त्याने पुन्हा टोपी फिरवायला घेतली.

“यापुढे सूर्याचं विचारायचं नाही,” डर्क म्हणाला. “आमचे आजे-पणजे विचारत नव्हते. आभाळ बघून सोडायचे. शेवटची शर्यत घेऊ या, पण आभाळ बघून.”

हात वर झाले. झारेनचा हात खालीच राहिला. विरोधात कोण, असं विचारल्यावरही तो खालीच होता.

घरी जाताना गाडी जोसेट चालवत होती.  रस्त्यावर माणूस नव्हता, तरी ती प्रत्येक वळणावर दिवा देत होती.

“आला कसा तो लवकर?” झारेनने शेवटी विचारलं.

“मागून वारा लागला. निघाला तेव्हा संथ होता, मागच्या वाऱ्याने रेटत आणला.”

“आपल्याकडे उत्तरेचा वारा सुटतो तसा.”

“तस्साच.”

“तो सुटला की डर्कची बदकंसुद्धा माझ्या पाखरांबरोबर पोहोचतात,” झारेन म्हणाला. थोड्या वेळाने तो पुन्हा बोलला. “म्हणजे चाल त्याची एकट्याची नसते.”

“नाही. सुटताना जेवढी असते तेवढी त्याची. पुढची सगळी वाटेतल्या वाऱ्याची. जोरात निघालेला मंदावतो, मंद निघालेला जोर धरतो. कुणाला कुठे कसला वारा लागेल ते मला इथून सगळं दिसत नाही. म्हणून मी इकडे-तिकडे म्हणते.”

झारेन खिडकीबाहेर बघत होता.

“तू तिथे का नाही बोललीस?” त्याने विचारलं.

“काय?”

“की तू ‘बहुधा’ म्हणाली होतीस.”

तिने दिवा दिला, वळण घेतलं. त्याच्या घरासमोर गाडी लावली आणि इंजिन बंद केलं.

“तू का नाही सांगत रे त्यांना कधी?” ती म्हणाली. “भांडत नाही मी. विचारतेय.”

झारेनने सीटबेल्ट सोडला.

“पहिल्या वर्षी सांगितलं होतं एकदा. ‘मुलगी म्हणते बहुधा.’ तर डर्क म्हणाला, बहुधा तर माझी बायकोपण सांगते, तिला कुणी पगार देत नाही. सगळे हसले.” त्याने टोपी डोक्यावर घातली, काढली. “तुझी आई असती तर तिने त्याला तिथेच सरळ केला असता. मला काही सुचलं नाही. मग मी ते शब्दच गाळायला लागलो. कुणी तुझ्यावर हसू नये म्हणून.”

“पा, ते शब्द म्हणजेच माझं काम आहे. तारीख कुणीही सांगेल. ती किती हलू शकते ते सांगायला मी शिकले.”

“मला वाटायचं, ते तू माझ्याशी बोलताना लाजतेस म्हणून म्हणतेस.”

ती हसली, आणि हसता हसता तिने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. झारेनने तिच्या पाठीवर हात ठेवला. एखादं पाखरू पेटाऱ्यातून काढताना जसा ठेवायचा, तळवा पसरून, भार न देता.

“शुक्रवारी फोन करू नकोस,” ती म्हणाली. “त्यांनी ठरवलंय. तुला क्लबात राहायचंय अजून.”

 झारेन गाडीतून उतरून आत गेला. थोड्या वेळाने मागच्या अंगणातून डब्याचा आवाज आला. जोसेट तो थांबेपर्यंत गाडीतच बसून राहिली.

*

शुक्रवारी दुपारी पत्रक पाठवून झाल्यावर ती टेबलाशीच बसली होती. पाच वाजले, सव्वापाच झाले. तिने पेन्सिली टोकदार केल्या. साडेपाचला पर्स उचलली आणि फोन वाजला.

“सूर्य कसा आहे?” झारेन म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता आणि त्याच्या मागे खुर्च्या सरकल्याचं ऐकू येत होतं.

“पा, कुठे आहेस तू?”

“अंगणात. डर्क आहे इथे. सगळे आहेत. कॉलिन लिंडहर्स्टहून दुसऱ्या फोनवर आहे. तू मोठ्याने बोल, तुझा आवाज सगळ्यांना ऐकू जातोय. पण तू बोलायच्या आधी मला एक सांगायचंय. तूही ऐक.” तो खोकला. या वेळी खोकल्यानंतर शब्द आले. “गेल्या शुक्रवारी हिने मला सांगितलं होतं, रविवार, बारा तास इकडे किंवा तिकडे. आणि मागे जोराचा झोत आहे, तो लवकर आला तर हिशेब बदलेल. हे सगळं सांगितलं होतं. ते मी गिळलं. कॉलिनला सांगितलं नाही. गेली पाच वर्षं मी ते दर शुक्रवारी गिळतोय. बुधवारी ही तुमच्यासमोर बोलणी खात होती आणि मी टोपी फिरवत बसलो. झालं.”



“च्यायला, झारेन,” डर्कचा आवाज आला.

“माझी दोन कोणतीही निवड, ढाबळीतली,” झारेन म्हणाला. “तुझ्या बापाच्या वाणाची भरपाई नाही होणार, पण निवड. नंतर. आता ती बोलेल, आणि मी मध्ये एक शब्द काढणार नाही.”

जोसेटने पर्स खाली ठेवली. पत्रक समोर ओढलं. मग ते बाजूला सारून खिडकीकडे बघत बोलायला लागली.

“बुधवारी रात्री एक लोट सुटलाय. हा वेगवान आहे. पुढे साधा वारा आहे, तो याला रोखेल आणि चाल उतरवेल. आज मध्यरात्र ते उद्या दुपार, या मधे कधीही. पण गेल्या आठवड्यातल्या लोटाने वाट थोडी झाडून ठेवली असेल, तर कमी रोखला जाईल आणि लवकर येईल. ते मला नीट दिसत नाही. बाजूने निसटून जाण्याची शक्यतापण आहे, तिनात एक म्हणा. आला तर त्याचा जोर रविवारी सकाळपर्यंत ओसरलेला असावा. असावा म्हणतेय. रविवारी मागून कुठला झोत येताना दिसत नाही.”

“म्हणजे सोडायची की नाही?” डर्क म्हणाला.

“ते तुम्ही ठरवा, डर्ककाका. मी तुमच्या जागी असते तर उद्या नक्की सोडली नसती. रविवार बराच बरा. बराच म्हणजे पुरता नव्हे.”

“एवढे ‘बहुधा’ मी डॉक्टरचेपण ऐकून घेत नाही,” डर्क म्हणाला. मग आवाज बदलून, “पण डॉक्टर एवढं सगळं सांगतही नाही. रविवारी आभाळ कसंय, कॉलिन?”

“उघडं सांगतायत,” दुसऱ्या फोनमधून बारीक आवाज आला. “पण म्हणजे मी इथे आणखी एक रात्र काढायची. या गावात एक पब आहे आणि त्यात माझ्याशी बोलणारा पोपट आहे फक्त.”

“पोपटाला विचार, त्याला सूर्याचं काय वाटतं.”

“विचारलं. तो म्हणतो बहुधा.”

सगळे हसले. जोसेटही हसली. डर्कने हात वर करायला सांगितले. ते तिला दिसत नव्हते, पण कुणीतरी मोजत होतं, आणि मोजणारा बापाच्या नावाशी पोहोचल्यावर झारेनचा “हो” स्वच्छ ऐकू आला. रविवार ठरला. रविवारी पहाटे तिने कॉलिनला स्वतः फोन करून शेवटचे आकडे सांगायचे, हेही डर्कनेच ठरवून टाकलं. “मधे म्हातारा नको,” तो म्हणाला.

खुर्च्या पुन्हा सरकल्या. निरोपाचे आवाज लांब गेले, फाटक वाजलं. झारेनने फोनवर काहीतरी दाबलं आणि त्याचा आवाज पुन्हा एकट्याचा, जवळचा झाला.

“जेवलीस का?”

“नाही,” ती म्हणाली. “आज राहून गेलं.”

“मग ये. सूप आहे. एक्केचाळीस आलीय, तीही बघून जा.”

जोसेट उभी राहिली.

“कधी?”

“दुपारी. छपरावर बसली होती, आत यायला घाबरत होती. शेपटीची पिसं गेलीत, छातीवर ससाण्याचं नख लागलंय. डबा खुळखुळवला तेव्हा उतरली. आता खातेय.”

“दुपारी? आणि तू आत्ता सांगतोस? एवढा वेळ फोनवर होतास!”

“आधी सांगितलं असतं तर तू खूश झाली असतीस,” झारेन म्हणाला. “आणि मग त्या खुशीत रविवार थोडा जास्त बरा दिसला असता. ते तुझ्या आकड्यांत यायला नको होतं.”

जोसेटने पर्स खांद्याला लावली.

“आहेस ना?”

“आहे, पा.”

“ये मग. अर्ध्या तासात पोहोचशील?”

जोसेटने खिडकीतून खाली रस्त्यावरची गर्दी पाहिली.

“अर्धा तास,” ती म्हणाली. “दहा मिनिटं इकडे किंवा तिकडे.”

“बरं,” झारेन म्हणाला. “त्या हिशेबाने सूप ठेवतो.”